बिब्बे कोण फोडणार, वन्सं?

वन्सं, तुम्हाला जाऊन आज वीस दिवस झाले आणि तुमची बिब्ब्यांची गोणी अजून बाल्कनीत वॉशिंग मशीनला टेकून बसली आहे. मागच्या आठवड्यात कपडे वाळत घालताना माझा पदर तिला लागला, तर मी अख्खी साडी वेगळ्या बादलीत भिजवली. या गोणीचं आता मी काय करू, ते सांगा. कचऱ्याच्या गाडीत टाकली तर गाडीवरच्या माणसांचे हात उततील. खाडीत टाकायला माझं मन होत नाही. कुणाला द्यावी म्हटलं, तर भाईंदरच्या अख्ख्या जेसल पार्कात बिब्बा ओळखणारं एक माणूस मला शोधून दाखवा. असलं काही मागे ठेवून जातं का कुणी?

फोटोसुद्धा धड ठेवला नाहीत. आधार कार्डावरचा मोठा करून आणला, त्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावर चिडल्यासारख्या दिसताय. खरं तर तुम्ही चिडायचात कुठे? या घरात चिडायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे होतं. तुमचे भाऊ गेले आणि आपण दोघीच राहिलो, तेव्हापासून तर तेवढं एकच काम मला उरलं होतं. सकाळी चहात साखर जास्त म्हणून चिडायचं, संध्याकाळी टीव्हीचा आवाज मोठा म्हणून. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि आवाज तेवढाच ठेवायचात.

तेराव्याला आपल्या जावयांनी मला विचारलं, "मम्मी, हे बिब्बा म्हणजे नेमकं काय असतं?" तुम्ही असतात तर तासभर सांगत बसला असतात. मी आपलं थोडक्यात सांगितलं. रानातलं झाड आहे, ते कुणी लावत नाही आणि त्याला कुणी पाणी घालत नाही. काजूच्या नात्यातलं. तसंच वर केशरी बोंड आणि खाली बी. पण ही बी काळी कुळकुळीत असते आणि तिच्या सालीत जे तेल असतं ते कातडीला लागलं की फोड येतात, फोड गेले तरी डाग राहतात. यालाच आपल्याकडे बिब्बा उतला म्हणतात. आणि त्या सालीच्या आत एवढीशी पांढरी गोडंबी असते, खायला बदामाहून गोड. जावयांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सरळ काजूच खायचे ना." वन्सं, रागावू नका, पण लग्नानंतर पहिल्यांदा मला तो मुलगा मनापासून आवडला.

कारण हेच मी तुम्हाला तीस वर्षं सांगत होते. शिमग्याला गावी जाऊन लोक येताना कोकमं आणतात, कुळीथ आणतात. तुम्ही पालखी नाचवून झाली की कातळसड्यावरच्या रानात जायचात आणि गोणी भरून बिब्बे आणायचात. ती गोणी एसटीत पायाखाली घेऊन तुम्ही रात्रभर बसायचात. मी दरवर्षी म्हणायचे की काजू आणा, तुमच्या चुलत्यांची बाग आहे. तुमचं उत्तर दरवर्षी तेच. "काजूला माणसं सांभाळतात गो. बिब्ब्याला कोण आहे?" आता झाडाला कुणी नाही म्हणून त्याची फळं भाईंदरला आणायची, हा कुठला न्याय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मग आपल्या दीड खोलीत तुमचा कारखाना सुरू व्हायचा. महिनाभर बिब्बे उन्हात वाळवायचे, ते खुळखुळ वाजायला लागले की फोडायला घ्यायचे. त्याला राख लागते, आणि भाईंदरात चुलीची राख आणायची कुठून? तर खालच्या इस्त्रीवाल्याच्या कोळशाची. "भैया, राख फेकना नहीं हां, हमको मंगता है," असं तुम्ही त्याला बजावून यायचात आणि तो बिचारा तेलाच्या डब्यात राख साठवून वर पाठवायचा. बसायच्या आधी खोबऱ्याचा तुकडा खायचा, कोपरापर्यंत खोबरेल चोळायचं, दगडावर राख पसरायची. बांबूच्या चिमट्यात बिब्बा उभा धरायचा आणि लाकडी हातोडीने नेमका कडेवर एकच घाव. दुसरा घाव मारावा लागला तर तुम्ही स्वतःवरच हसायचात. सुईने गोडंबी उचलायची, राखेत घोळायची, मग धुवायची. दुपारभर बसलात की वाटीभर व्हायची. स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात सहा दिवस उभ्याने पॅकिंग करायचं आणि रविवारी हे. तुम्हाला पाठ होती की नाही?

एक मात्र आज कबूल करते. स्नेहल झाली तेव्हा मी फार खंगले होते. माझी आई नव्हती, सासूबाई गावाला. तुम्ही गाळ्यावर जायच्या आधी मला उठवून बसवायचात आणि गोडंबीचा एक लाडू हातात द्यायचात, तो संपेपर्यंत समोरून हलायचा नाहीत. चाळीस दिवस. त्या लाडवांनी मी उभी राहिले, वन्सं. मी तेव्हा काय म्हटलं होतं आठवतंय? गूळ जास्त झालाय. आभार मानायचे ते राहूनच गेले.

आता ती गोष्ट. तिचा विषय काढायचं मी किती दिवस टाळतेय, ते तुम्हाला वरून दिसत असेल.

स्नेहल अकरा महिन्यांची होती. मेचे दिवस होते आणि पाणी एक दिवसाआड यायचं, तेही दुपारी तीनला, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, हा भाईंदरचा नियम. पिंप, बादल्या, हंडे, कुकर, शेवटी पेलेसुद्धा. तुमचं एक पिवळं घमेलं होतं, फोडलेले बिब्बे तेल निथळायला ठेवायचं. ते मोरीच्या वरच्या फळीवर उलटं असायचं आणि कुणी चुकून घेऊ नये म्हणून त्याच्या कानाला तुम्ही लाल दोरा बांधला होता. त्या दुपारी सगळी भांडी भरली, तरी नळ चालू होता. चालू नळ सोडून देणं माझ्या जिवावर आलं. मी ते घमेलं खाली काढलं, विसळलं आणि भरलं. दोरा मला दिसला होता. विसळलंय की, काय होतंय, असं वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही कामावर गेल्यावर, त्याच पाण्याने मी पोरीला अंघोळ घातली.

संध्याकाळपर्यंत तिचा डावा खांदा आणि पाठ लाल झाली. दुसऱ्या दिवशी फोड आले. ती रडून रडून दमून झोपायची आणि झोपेत परत रडायची. तुमचे भाऊ कामावरून आले, त्यांनी ते बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं. "पोरीच्या अंगाला बिब्बा लागला कसा?" मी ओट्याशी उभी होते. तुम्ही मोरीत गेलात, घमेल्यातलं उरलेलं पाणी बघितलं, वळून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "माझ्या हातून झालं. घमेल्यात मीच पाणी भरून ठेवलं."

पाणी यायचं तीनला आणि तुम्ही गाळ्यावरून सुटायचात सहाला. तुमच्या भावाच्या हे ध्यानात यायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाच्या काय ध्यानात येतं? ते तुम्हाला वाट्टेल तसं बोलले. लहानपणी ज्या बहिणीने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. आणि मी ओट्याशी उभी राहून दूध गरम करत होते. उद्या सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी परत उद्या. आठवडाभराने तर मला असं वाटायला लागलं की घमेलं तुमचं, बिब्बे तुमचे, म्हणजे चूकही तुमचीच.

इतकंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण नंतर भांडणात माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही की मी हेच काढायचे. तुम्ही माझी साडी इस्त्रीला द्यायला विसरलात, तर "तुम्ही माझ्या पोरीला भाजलंत." आमटीत मीठ जास्त पडलं, तर तेच. आणि तुम्ही गप्प. मला सांगा, तुमच्या तोंडाला काय झालं होतं? एकदा, फक्त एकदा, दोघीच असताना म्हणायचं होतंत की सुनंदा, पुरे झालं. मी तिथल्या तिथे पाय धरले असते. निदान मला तसं वाटतं. तुम्ही संधीच दिली नाहीत.

पोरगी या सगळ्यात वाढली. खांद्यावरचे डाग गेले नाहीत. ती लांब बाह्या घालायला लागली, लग्नातसुद्धा कोपरापर्यंत बाही शिवून घेतली. तुमच्या हातचं ती खायची नाही. तुम्ही केलेली खीर मीच केली असं सांगून मला तिला द्यावी लागायची. तुमच्याशी वाईट वागायची असं नाही, पण तुम्ही शेजारी बसलात की उठून दुसरीकडे बसायची. हे सगळं मला दिसत होतं. मला वाटायचं, मोठी होईल आणि विसरेल.

यंदा पहिलं बाळंतपण. मी खोली रंगवून घेतली, पाळणा आणला. तर स्नेहलचा फोन. "आई, मी तिकडे नाही येणार. आत्या ते बिब्बे घरात ठेवते. बाळाला मी त्या घरात नाही आणणार." तुम्ही बाजूलाच बसला होतात. मी फोन ठेवायच्या आधीच तुम्ही म्हणालात, "मी तीन महिने गावाला जाते गो. तिला बोलाव." मी परत फोन केला, तरी ती नाही म्हणाली. आणि मी कुणावर चिडले? तुमच्यावर. जेवताना तुम्हाला म्हटलं की तुमच्यामुळे पोरीचं माहेरपण करायचं राहिलं. तुम्ही भाताचा घास तसाच हातात धरून बसलात. आज तो घास आठवला की मला जेवण जात नाही.

बरं, एवढं झाल्यावर तरी शहाणं माणूस काय करेल? बिब्ब्यांचं नाव टाकेल. तुम्ही शिमग्याला गेलात आणि गोणी घेऊन आलात. सत्तरी उलटलेली बाई. मी दारातच कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "पोरीच्या दुधासाठी लागतील. लाडू करते, मग बंद." तीन रविवार बसून तुम्ही गोडंबी काढलीत, डिंक, खारीक, खोबरं घालून लाडू वळलेत आणि बाळाला बघायला आपण रिक्षाने घोडबंदरला निघालो.

चेणे गावाच्या अलीकडे डोंगराची बाजू लागली आणि तुम्ही रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावलात. "भैया, जरा बाजू में लेव. वो झाड हमारे गाव का है."

तो म्हणाला, "माताजी, ये तो जंगल का झाड है."

"हां, जंगल काच. हमारे जंगल का."

मागून ट्रक हॉर्न मारतायत, ऊन तापलंय, आणि तुम्ही लाडवांचा डबा माझ्या मांडीवर ठेवून उतरलात. पानं जवळजवळ झडलेलं, खोडावर काळे ओघळ असलेलं ते झाड मला कधीच ओळखता आलं नसतं. तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहून हात जोडलेत. पुटपुटताना मी ऐकलं, "आमच्या पोरीला उतू नको रे बाबा." रिक्षावाला मला विचारतो, "कोई देवी है क्या?" मी त्याला म्हटलं, "नहीं, आदत है." मी रिक्षात बसून मोबाइलवर वेळ बघत होते. तुम्ही कोणत्या पोरीसाठी, कुणाच्या चुकीबद्दल हात जोडताय, हे त्या रस्त्यावर फक्त आपल्या दोघींना माहीत होतं.

स्नेहलच्या घरी तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर बसलात. ती म्हणाली, "आत्या, हात धुतलेस ना?" तुम्ही धुऊन आलात. थोड्या वेळाने कुणी न सांगता परत धुऊन आलात. तरी बाळ तुमच्या हातात आलं नाही आणि तुम्ही मागितलंही नाही. लाडवांचा डबा टेबलावर होता तसाच परत माझ्या मांडीवर आला. येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "नाक आपल्या घराण्याचं आहे हां." मी हो म्हटलं. त्या रिक्षात सांगायचं होतं, वन्सं. पाऊण तास होता.

ते लाडू कुठे गेले, हे मला तुमच्या माघारी कळलं. उत्तनची फिलोमिना मासळी घेऊन आली, टोपली दारात ठेवली आणि विचारलं, "मोठी बाय कय हाय?" मी सांगितलं. ती टोपलीशेजारी खालीच बसली.

"मना कोनी सांगला न्हाय गो," ती म्हणाली. "माज्या सुनंला लाडू दिलते तिनं. म्हन्ली, आमच्या पोरीला चालत न्हाय, तुजी सून तरी खाईल. सुनंचा दूद काय वाढला, बग."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"काय न्हाय. डबा परत नको म्हन्ली."

त्या दिवशी फिलोमिनाने मला बोंबील फुकट दिले आणि मी ते घेतले. तुमच्या लाडवांची परतफेड मी खाल्ली, असं म्हणा हवं तर.

श्वास लागला म्हणून तुम्हाला हॉस्पिटलात नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी धीर केला होता. ऑक्सिजनची नळी होती, पण तुम्हाला ऐकू येत होतं. बाकीच्या खाटांवरची माणसं चहाला गेली होती. मी तुमचा हात धरला आणि म्हटलं, "वन्सं, ते घमेलं," आणि पुढे शब्द निघेना. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आज पाण्याचा दिवस आहे. घरी जा, पाणी भर." मी वेड्यासारखी घरी आले आणि पाणी भरलं. नळ तर हल्ली रोज असतो. हे जिन्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं, तरी मी भरलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या पलीकडे गेला होतात. जाता जातासुद्धा मला बोलू दिलं नाहीत. हा तुमचा चांगुलपणा असेल, तर त्याने माझा जीव खाल्लाय, हे ऐकून ठेवा.

तेरावं उरकलं, पाहुणे गेले. पंधराव्या दिवशी मी खोबरेल घेतलं, तुमचा दगड काढला, खाली जाऊन इस्त्रीवाल्याकडून राख आणली. त्याने विचारलं, "दादी का काम अब आप करेंगे?" मी राखेचा डबा उचलून वर आले. बसले. घाव कडेवर बसत नव्हता, बिब्बा चिमट्यातून उडत होता. चिमटा टाकून मी तो बोटांनीच धरला. तीन तासांत अकरा गोडंब्या निघाल्या, त्यातल्या चार चिरडलेल्या. एक तोंडात टाकली. दुधासारखी गोड. चाळीस दिवस मला चारलेल्या लाडवांत तुमच्या किती दुपारी गेल्या असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही हातांवर फोड आले. तशीच स्नेहलकडे गेले. बाळाला न्हाऊ घालून तिने झोपवलं होतं. तिने माझे हात बघितले आणि तिचा चेहरा बदलला. "आई, हे काय? तू ते बिब्बे फोडलेस? आत्याचं बघ, गेल्यावरसुद्धा भाजायचं सोडत नाही."

तुम्ही असतात तर तुम्ही गप्प बसला असतात. मला नाही बसवलं. मी तिला सांगितलं. पाणी कुणी भरलं, दोरा कुणी बघितला, अंघोळ कुणी घातली, दूध तापवत कोण उभं राहिलं, सगळं. मध्ये थांबले असते तर परत बोलता आलं नसतं, म्हणून थांबलेच नाही.

स्नेहल बराच वेळ बाळाचं पांघरूण नीट करत राहिली. मग म्हणाली, "सातवीत असताना मी आत्याला विचारलं होतं. गॅदरिंगला बिनबाह्यांचे फ्रॉक होते, बाईंनी मला डान्समधून काढलं होतं, त्या दिवशी. मी म्हटलं, आत्या, हे तू केलंस ना? ती म्हणाली, हो गो बाय, माझ्याकडून झालं. मी म्हटलं, मग माझ्याशी कधी बोलू नकोस. किती दिवस नाही बोलली ती. मी बोलेपर्यंत." तिने माझ्याकडे बघितलं. "आई, तू तेव्हा तिथेच होतीस. चपात्या लाटत होतीस."

होते, वन्सं. मी ऐकलं होतं. तव्यावरची चपाती उलटायला मी विसरले होते, हेही मला आठवतं. पोरीला सांगताना मी सगळं सांगितलं असं मला वाटत होतं, पण तेवढं मी तिलाही सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "आत्या असताना सांगायचं होतंस. मी तिच्या हातात बाळ दिलं नाही." मग म्हणाली, "तू आता जा, आई." मी चपला घातल्या. तिने दार लावलं, आपटलं नाही, हळू लावलं.

चार दिवस झाले, ती माझा फोन उचलत नाही. जावई उचलतात, बाळ बरं आहे म्हणतात, स्नेहल कामात आहे म्हणतात. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण मला तुमच्यावर चिडायचंय आणि आज ते जमत नाहीये. पोर आपल्याशी बोलत नाही, हे मला चार दिवस सोसवत नाहीये, तेही ती घोडबंदरला आणि मी इथे. तुम्ही हे सत्तावीस वर्षं, याच घरात, ती जवळून उठून जात असताना, माझ्या जागी बसून कसं काढलंत, वन्सं?